मे महिन्यातला स्वेटर

चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी कुत्री नालीत जाऊन बसतात, गायी पानठेल्याच्या सावलीला उभ्या राहतात, आणि आमचे शेजारी उंदीरवाडे सर स्वेटर घालून अंगणात येतात. मरून रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत चेन लावायचा जाडजूड स्वेटर.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. आमच्याकडे फिरतं, त्यात नवल नाही. मी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारलं, "सर, बरं आहे ना?" सरांनी ओठावर बोट ठेवलं. समोर उलट्या बादलीवर मोबाइल टेकवून ठेवला होता आणि त्यात त्यांचा कुणी जुना विद्यार्थी दिसत होता. "हं, बोल रे," सर त्याला म्हणाले, "इथी काय, मस्त वातावरण आहे. सकाळी तर अंगावर काटा येऊन राह्यला होता." पारा तेव्हा सेहेचाळिसावर होता. सरांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता, तो ते बाहीने पुसत होते आणि हसत होते. व्हिडिओ चालू असेपर्यंत घरातला कूलर बंद ठेवायचा हा त्यांचा नियम, कारण कूलरचा आवाज पार पुण्यापर्यंत जातो. आतून काकू ओरडत होत्या, "तुमच्या पोट्ट्यायले बलावता बलावता मी मरून जाईन एखाद दिवशी!"

उंदीरवाडे सर भूगोलाचे मास्तर. आधी सावली नावाच्या गावात, मग निवृत्त होईपर्यंत इथे. शिकवायचे झकास. त्यांच्या हाताखालचं एकही पोरगं भूगोलात नापास झालं नाही आणि त्याचा परिणाम असा झाला, की पदवी हातात पडताच सगळ्यांना बाहेरचे रस्ते बरोबर सापडले. सरांना याची बोच आहे. "नकाशा मीच शिकवला ना, भाऊ," ते म्हणतात. "पुणं कुठी, हैदराबाद कुठी, मीच छडीनं दाखवलं. कायले दाखवलं म्हणतो मी?"

निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी टेकडीवर जाऊन हसायचा वर्ग लावतात. सरांनी शिकलेली पोरं चंद्रपुरात थांबवायचं काम अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं. दर रविवारी दुपारी ते गावोगावच्या विद्यार्थ्यांना फोन लावतात आणि चंद्रपूरची खुशाली सांगतात. गावाबद्दल कुणी काही वाईट बोललं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर आहे: "अफवा आहे." ऊन? अफवा. कोळशाची धूळ? अफवा. एकदा साताऱ्याहून बदलून आलेल्या बँकेतल्या तरुण साहेबाला सर भर रस्त्यात हे पटवून देत होते. बोलणं संपवून निघाले तर चप्पल निघेना. डांबर वितळून तळ चिकटला होता. सरांनी दोन्ही हातांनी ओढून चप्पल सोडवली, पायात घातली आणि शांतपणे म्हणाले, "अफवा आहे." तो साहेब पुढे बदलीचा अर्ज करून गेला, पण सरांना अजून दिवाळीला फोन करतो.

पोरांना बसायला-उठायला जागा नाही म्हणून ती जातात, असं कुणीतरी सरांच्या कानावर घातलं. सरांनी शंकरभाऊंच्या चहाच्या टपरीवर कोल्ड कॉफी सुरू करायला लावली. भिंत निळी रंगवून घेतली, बाकडी काढून खुर्च्या टाकल्या. गर्दी दिसावी म्हणून स्वतः रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागले. कोल्ड कॉफीने त्यांचा घसा धरतो, तरी प्यायचे. महिना झाला, एक पोरगं फिरकेना. शेवटी शंकरभाऊ हात जोडून म्हणाले, "सर, तुम्हीच बसून राह्यले ना इथी. भूगोलाच्या मास्तरासमोर पोट्टा पोरीले घेऊन कसा येईन?" सर दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या पलीकडे, सायकलवाल्याच्या दुकानात बसायला लागले. टपरीवर पोरं जमली की तिथून बघतात आणि सायकलवाल्याला हळूच कोपर मारतात.

त्यांची खरी कमाई म्हणजे मंगेश. सावलीचा विद्यार्थी. नागपूरला शिकून आला आणि सरांनी त्याला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर रक्त तपासायची लॅब टाकायला लावली. आता लॅब चालली तर पोट्टा टिकणार, म्हणून सरांनी अख्ख्या गल्लीचं रक्त काढायला लावलं. माझी शुगर त्या वर्षी सारखी तपासली गेली. मी म्हटलं, "सर, मला शुगर नाही." सर म्हणाले, "नाई असन. पण मंगेशले काम आहे ना?" मंगेश टिकला. लॅब चालली, लग्न झालं, लेकरू झालं. ताडोब्यात पाहुण्याला वाघ दाखवावा तसा सर घरी येणाऱ्याला मंगेश दाखवतात. लांबूनच, हळू आवाजात. "पाहा. हा राह्यला."

बाकी कुणी राहिलं नाही, ही गोष्ट मात्र अफवा नाही. आमच्या गल्लीत प्रत्येकाने पोरांसाठी वरचा मजला चढवला. वरती कुलूप, खाली दोन माणसं. संध्याकाळी खुर्च्या बाहेर येतात आणि कुणाचं पोरगं कुठे, याच्या त्याच त्या गोष्टी होतात. माझाही मुलगा हैदराबादला आहे. त्याच्या खोलीत आता आम्ही तांदळाची पोती ठेवतो. पोतं काढायला गेलो की मी तिथे उगाच जरा वेळ थांबतो.

सरांची एकुलती एक लेक प्रज्ञा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तेव्हा सर पेढे घेऊन गल्लीभर फिरले. वरची खोली रंगवली. गोल फिरणारी खुर्ची आणली. इंटरनेटची नवी लाइन घेतली, सगळ्यात वेगाची. नेटच्या डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकताना सर समोर बसून बघायचे. मला बोलावून दाखवायचे. "एकदाही अडकत नाई, भाऊ. पुण्यात नसन असं नेट." प्रज्ञा दर वेळी म्हणायची, "पाहू, बाबा." आणि एकदा, सरांनी फारच लावून धरलं तेव्हा म्हणाली, "येईन हो. पण उन्हाळ्यात तिथे कसं राहायचं? जळून जाईन मी."

नाही म्हणवत नाही तेव्हा पोरं काहीतरी पुढे करतात. कुणी पगार पुढे करतं, कुणी धूळ. प्रज्ञाने ऊन पुढे केलं. आम्हा सगळ्यांना ते कळलं. भूगोलाच्या मास्तरांना मात्र ते भूगोलाचं उत्तर वाटलं. त्यांनी पेटीतून स्वेटर काढला.

काही रविवार विद्यार्थ्यांवर सराव झाल्यावर त्यांनी प्रज्ञाला व्हिडिओ लावला. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो.

"बाबा, स्वेटर का घातलाय?"

"थोडी थंडी वाजून राह्यली, बेटा."

"आणि डोळे किती लाल आहेत!"

"हवा गार आहे ना. झोंबते."

प्रज्ञा गप्प झाली. मग काम आहे म्हणून तिने फोन ठेवला. सर स्वेटर न काढताच भिंतीपाशी धावत आले. "पटलं, भाऊ! पुढे काही बोललीच नाई."

आता आमच्या या जंगलपट्ट्यात मे महिन्यात कुणाच्या अंगावर लोकर दिसली, तर त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगतं: हिवताप. हे सर सोडून सगळ्यांना माहीत होतं. प्रज्ञाही शेवटी इथलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन फाटकात उभी, आणि तिच्या मागे सुईचा डबा घेऊन मंगेश. सर त्या वेळी बनियनवर कूलरसमोर बसून पन्हं पीत होते.

"बाबा, ताप किती आहे?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मंगेशकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं. भानगड त्यांच्या लक्षात आली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सुट्टी किती दिवस आहे तुले?"

"तुम्ही बरे होईपर्यंत. इथूनच काम करीन."

सरांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. आत गेले, स्वेटर चढवला आणि पलंगावर आडवे झाले.

मंगेशचा रिपोर्ट आला, काहीही निघालं नाही. "अफवा आहे," सर पांघरुणातून क्षीण आवाजात म्हणाले. मंगेश बिचारा स्वतःच्याच लॅबचा कागद घडी करून खिशात घालून गेला.

मग त्या घरात मोठी मजा आली. वरच्या खोलीतून प्रज्ञाच्या कामाच्या बोलण्याचा आवाज यायचा, इंग्रजीत, भराभर, मधूनच हसणं. काकू कोथिंबिरीची सांबारवडी तळायच्या आणि जिन्यातून हाका मारायच्या. मी पाहायला गेलो तर सर गोधडीखाली घामाने निथळत होते आणि छताकडे कान लावून पडले होते. "ऐकून राह्यले ना, भाऊ? सकाळपासून चालू आहे. एकदाही अडकलं नाई." इतका सुखी आजारी माणूस मी आजवर पाहिला नाही.

मी बैठकीत बसलो असतानाच एका दुपारी ते फुटलं. प्रज्ञा पाणी प्यायला खाली आली, तर सर कूलरसमोर उभे होते, स्वेटर गळ्यापर्यंत वर करून, उघड्या पोटावर वारा घेत. प्रज्ञा आधी हसली. काकूंनी मग सगळंच सांगून टाकलं, ऊन काय, विद्यार्थी काय, सराव काय. ऐकता ऐकता तिचं हसू गेलं. ती खाली जमिनीवरच बसली.

"रात्रभर बसमध्ये डोळे मिटले नाहीत मी, बाबा. प्रत्येक थांब्यावर मंगेशदादाला फोन करत होते. वाटत होतं, मी पोचेपर्यंत..." मग म्हणाली, "उद्या खरंच काही झालं तर मी कसं ओळखायचं?"

सर स्वेटर खाली ओढून तसेच उभे राहिले.

रविवारी ती गेली. सर ट्रॅव्हल्सच्या थांब्यापर्यंत बॅग घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी स्वेटरात डांबरगोळ्या घातल्या आणि तो पेटीच्या तळाशी ठेवला. वरच्या खोलीची खिडकी लावायला गेले ते बराच वेळ खाली आले नाहीत.

पोळ्याच्या सुमाराला त्यांना खरोखरच ताप आला. दात वाजवणारा, पलंग हलवणारा. मंगेशने रक्त नेलं आणि या वेळी हिवताप निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घाबरायचं कारण नाही म्हणाले. मंगेशने खिशातून फोन काढला. "सर, आता तर खरं आहे. प्रज्ञाले सांगतो मी."

"खबरदार," सर गोधडीतून म्हणाले.

"पण ती येईन ना सर! दुसऱ्या दिवशी येईन."

"मले मालूम आहे, येईन." ते धाप टाकत थांबले. "बिमार बापाले पाहाले आलेली पोरगी बाप सुधरला का चालली जाते, मंगेश. पाहून घेतलं मी. तिनं इथी राहाले यावं, मले पाहाले नाई."

दुसऱ्या दिवशी रविवार. व्हिडिओ चुकला तर तिला संशय येईल म्हणून सर उठून बसले. अंगावरची शाल काढून टाकली, अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला, आणि उकडतंय असं दिसावं म्हणून हातात पुठ्ठ्याचा पंखा घेतला. हात असाही थरथरत होता, पंखा आपोआप हलत होता. फोन त्यांच्याने धरवेना म्हणून मी धरला, छातीच्या वरचंच दिसेल असा. खाली काकू त्यांच्या पायांवर गोधडी दाबून बसल्या होत्या.

"गर्मी आहे, बेटा," सर म्हणाले. "बहुत गर्मी."

"बाबा, आवाज असा तुटक तुटक का येतोय?"

सरांचे दात वाजत होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि कपाटावरच्या नेटच्या डब्याकडे पाहिलं. हिरवे दिवे नीट लुकलुकत होते. मला वाटलं, आता सांगतील, आता नाइलाज आहे.

"नेट," सर म्हणाले. "इथलं नेट बेकार आहे, बेटा. काही भरोसा नाई त्याचा."

इतक्या वर्षांच्या शेजारात या माणसाच्या तोंडून चंद्रपूरबद्दल एक वाकडा शब्द मी ऐकला नव्हता. फोन हलू नये म्हणून मी दुसरा हात लावला.

पलीकडून प्रज्ञा "हं," म्हणाली. "तरीच. ठेवते मग, बाबा. जपून राहा."

आम्ही त्यांना आडवं केलं. काकूंनी गोधडी, तिच्यावर चादर, तिच्यावर पेटीच्या तळाचा तो स्वेटर, सगळं घातलं. सर कुडकुडत भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं, डोळा लागला. मी उठलो तसा त्यांनी माझा हात धरला.

"भाऊ, तिले खरं वाटलं असन काय?"

"काय, सर?"

"नेटचं." थोडा वेळ नुसते दात वाजत राहिले. "पुढच्या रविवारी सांगून देतो तिले, सुधरलं म्हणून."