सातव्या पायरीचा अभ्यासक्रम

आमच्या कार्यालयाच्या जिन्याची सातवी पायरी हलते, ही बाब सर्वप्रथम माझ्या आत्याच्या निदर्शनास आली. निदर्शनास आली म्हणजे आत्या तिच्यावरून घसरली. कठडा हातात आला म्हणून ती वाचली, तिचा डबा मात्र थेट तळमजल्यावर गेला. आत्या आमच्याकडे हिशेब सांभाळते. मला इथे तिनेच चिकटवलं, आणि तेव्हापासून सगळं कार्यालय तिला आत्याच म्हणतं. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, निवृत्तीला वर्ष उरलंय. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी तिची खुर्ची, खुर्चीवर घरून आणलेली उशी, आणि खिडकीत एक मनी प्लांट. त्याच्याशी ती माझ्यापेक्षा गोड बोलते.

"सुतार बोलवा," आत्या साहेबांना म्हणाली. "दोन स्क्रूंचं काम आहे."

साहेब नुकतेच ऑनलाइन साधनांवरच्या एका परिषदेहून परतले होते. तिथलं ओळखपत्र अजून त्यांच्या गळ्यात होतं. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"आत्या, हा पायरीचा प्रश्नच नाही. हा जागरूकतेचा प्रश्न आहे."

"म्हणजे पायरीला जागं करायचंय?"

साहेबांनी समजावून सांगितलं. दुरुस्ती हा खर्च असतो, आणि त्याला घरमालकाची परवानगी लागते. प्रशिक्षण ही गुंतवणूक असते, तिला साहेबांची सही पुरते. शिवाय आमचा धंदाच मुळी ऑनलाइन प्रशिक्षण तयार करून विकण्याचा. जगाला शिकवणाऱ्या माणसांनी स्वतःच्या जिन्यासाठी सुतार बोलवायचा, हे बरं दिसलं नसतं.

मी प्रशिक्षण रचनाकार. एका वाक्यात सांगता येणारी गोष्ट सहा भागांत सांगणं, हे माझं काम. खोटं कशाला बोलू, हे काम आलं तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आजवर मी दुसऱ्यांच्या आगी, दुसऱ्यांचे पासवर्ड आणि दुसऱ्यांची हात धुण्याची पद्धत यांवर अभ्यासक्रम केले होते. ही पायरी आमची स्वतःची होती.

अभ्यासक्रमाचं नाव ठेवलं 'पायरी आणि आपण'. चित्रं काढायला मी एक फुकटचं ऑनलाइन साधन घेतलं. त्याची अडचण एवढीच, की फुकटच्या योजनेत फक्त हसरी माणसं मिळत. रडकी माणसं हवी असतील तर वर्गणी होती. त्यामुळे माझ्या व्हिडिओत जिन्यावरून पडणारा माणूसही खुशीत पडतो. निवेदनाला यंत्राचा आवाज घेतला. तो 'पाय मोडू शकतो' हे वाक्य अशा मायेने म्हणतो, की ऐकणाऱ्याला एकदा मोडून बघावासा वाटतो.

मग सगळ्यांची मतं मागवली. लोकांनी एकेक शब्द लिहायचा आणि जो जास्त जणांनी लिहिला तो पडद्यावर मोठा दिसायचा, असं एक साधन असतं. मी विचारलं, 'सातवी पायरी म्हटलं की मनात काय येतं?' पडदाभर एकच शब्द आला: सुतार. बाकीचे शब्द त्याच्या आजूबाजूला अंग चोरून उभे होते.

"हा शब्द काढून टाक," साहेब म्हणाले. "त्याच्यामुळे विचारांची विविधता दिसत नाहीये."

तो काढल्यावर 'विश्वास' आणि 'वाटचाल' हे शब्द छान मोठे दिसले.

प्रसिद्धीचं काम पोस्टवालीकडे होतं. ती आमची समाजमाध्यमं सांभाळते आणि बोलतानाही मधूनमधून थांबते, लोकांना आवडलं की नाही ते कळायला. तिने पायरीचा फोटो काढून सुंदर करणाऱ्या साधनातून फिरवला. साधनाने आपलं काम चोख केलं, पायरीची भेग बुजवली आणि लाकडाला तुकतुकी आणली. खाली मजकूर होता, 'सावधान! ही पायरी धोकादायक आहे.' लोकांनी विचारलं, कुठे घेतली, आम्हालाही अशीच हवी आहे.

एवढं कौतुक झाल्यावर पायरीचं स्वतंत्र खातं काढणं भागच होतं. मग आजूबाजूच्या कार्यालयांतली मंडळी तिच्यावर उभी राहून फोटो काढायला येऊ लागली. त्यांच्या वजनाने ती आणखी सैल झाली. पोस्टवालीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी 'पायरीचा फोटो कसा काढावा' अशी कार्यशाळा घेतली. तिला उपस्थिती शंभर टक्के होती, कारण ती जिन्यातच घेतली होती आणि कुणाला खाली उतरता येत नव्हतं.

शेवटी परीक्षा. पहिला प्रश्न होता, 'सातवी पायरी हलते का?' उत्तर 'होय'. हा सगळ्यांना आला. दुसरा प्रश्न होता, 'हलणारी पायरी दिसल्यास आपण काय कराल?' पर्याय तीन: पाय उंच उचलून पुढे जाईन, मन शांत ठेवेन, सहकाऱ्याला सावध करेन. तिन्ही बरोबर. नापास होणं अशक्य होईल अशीच परीक्षा मी रचली होती, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण साधनाच्या नियमाप्रमाणे खाली 'इतर' असा एक रिकामा चौकोन ठेवावा लागला. आत्याने त्यात लिहिलं, 'सुतार बोलवेन.'

नापास.

दुसऱ्या वेळी तिने लिहिलं, 'सुताराचा नंबर माझ्याकडे आहे.' तिसऱ्या वेळी नंबरही लिहिला. तीनदा नापास होणाऱ्याला साधन आपोआप 'जोखमीची व्यक्ती' ठरवतं, आणि जोखमीच्या व्यक्तीच्या कार्डाने वरच्या मजल्याचं दार उघडत नाही. ही जोडणीही मीच केली होती, आणि फार सुबक झाली होती.

आत्याची रवानगी तळमजल्याच्या अडगळीच्या खोलीत झाली. तिथे जुने फलक, मोडक्या खुर्च्या आणि पूर्वीच्या अभ्यासक्रमांची नावं छापलेले, वाटून उरलेले पेले होते. खिडकी नव्हती. मी तिची उशी खाली नेऊन दिली.

"अरे, बावीस वर्षं मी त्या खिडकीत बसलेय," आत्या म्हणाली. "शेवटचं वर्ष इथे काढू?"

"आत्या, प्रमाणपत्र नसताना तो जिना चढणं धोक्याचं आहे."

"आणि प्रमाणपत्र असताना?"

"तेव्हाही धोक्याचंच आहे. पण तेव्हा तो धोका जाणीवपूर्वक असतो."

आत्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लहानपणी मी नाकात पेन्सिल घातली होती तेव्हा ती अशीच बघत होती. "माझ्या झाडाला पाणी तरी घाल," एवढंच ती म्हणाली.

मी काही वाऱ्यावर सोडणारा माणूस नाही. मी लगेच फोनवर आठवण करून देणारं एक साधन बसवलं. रोज सकाळी 'झाडाला पाणी' असा संदेश येई आणि मी 'झालं' हे बटण दाबत असे. त्या साधनात माझी कामगिरी सलग हिरवी आहे.

इकडे 'पायरी आणि आपण' थेट पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोचला. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी असलेला हा मोठा मानाचा पुरस्कार, आणि परीक्षक प्रत्यक्ष पाहणीला येणार होते. साहेबांनी भाषण पाठ करायला घेतलं. पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी जिना चढलो, सवयीने सातव्या पायरीवर पाय उंच उचलला, आणि मला काहीतरी खटकलं. मी पायरीवर उभा राहिलो. पायरी हलेना.

मी तसाच अडगळीच्या खोलीत धावलो.

"आत्या, पायरीला काय केलंस?"

"मी कशाला करू? सुताराने केलं. काल सगळे गेल्यावर बोलावला होता. तुझा चहा निवायच्या आत उठला तो. चल, आता मला वर ने."

तिने उशी काखेत मारलीसुद्धा होती. चेहरा असा खुलला होता, की मला बघवेना. मी साहेबांकडे गेलो.

साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांचंही बरोबर होतं. पायरी घट्ट झाली म्हणजे पहिल्याच प्रश्नाचं उत्तर चुकलं, म्हणजे उत्तीर्ण झालेले सगळे अनुत्तीर्ण, आणि सगळ्या कार्यालयात शहाणं माणूस एकटी आत्या. असा निकाल परीक्षकांपुढे कसा ठेवणार?

"अभ्यासक्रम बदलायला किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

"महिना तरी. व्हिडिओ, आवाज, परीक्षा, सगळंच बदलावं लागेल. त्यात साधनाची फुकटची मुदत संपलीय."

"आणि पायरी बदलायला?"

"दोन स्क्रू."

साहेबांनी नुसतं दार लोटून घेतलं.

स्क्रू कसा काढावा हे मला येत नव्हतं. मी ऑनलाइन एक व्हिडिओ शोधला. एक माणूस अगदी सोप्या भाषेत, एका मिनिटात सगळं शिकवत होता. परीक्षा नाही, हसरी चित्रं नाहीत. रचनेच्या दृष्टीने मला तो फारच कच्चा वाटला. पण स्क्रू निघाले. आत्याला मी म्हटलं, पाहणी होऊ दे, मग बघू.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. साहेब भाषण करत त्यांच्यापुढे जिना चढू लागले. "आमच्याकडचा प्रत्येक माणूस," ते मागे वळून म्हणाले, "या पायरीबाबत पूर्ण प्रशिक्षित आहे." आणि ते सातव्या पायरीवर भक्कम पाय टाकते झाले.

साहेबांचे गुण आमच्याकडे सर्वांत जास्त आहेत. ते त्यांच्या सहायकाने मिळवलेले आहेत, हे मला तेव्हा कळलं.

साहेब खाली येत असताना सगळ्या कर्मचाऱ्यांचे हात एकदम पुढे झाले. प्रत्येक हातात फोन होता. माझ्याच चौथ्या भागात आहे ना, 'घटना घडताच प्रथम तिची नोंद करा, नंतर ती इतरांपर्यंत पोचवा.' पोस्टवालीने दोन कोनांतून नोंद केली. एवढी एकजूट मी आमच्याकडे कधीच पाहिली नव्हती. माझा ऊर भरून आला.

अडगळीच्या खोलीतून नापास झालेली आत्या लंगडत बाहेर आली. तिने साहेबांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, मोडक्यातल्या त्यातल्या त्यात बऱ्या खुर्चीवर बसवलं आणि सुजलेल्या घोट्याखाली स्वतःची उशी सारली. "हालवू नका," ती म्हणाली. "अहो, फोन कसले धरताय, डॉक्टरला फोन करा कुणीतरी."

मुख्य परीक्षकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"स्वतः प्रमुखाने पडून दाखवायचं! इतकं जिवंत प्रात्यक्षिक आम्ही कुठेच पाहिलं नाही. आणि या बाईंचा अभिनय तर फारच नैसर्गिक."

साहेबांचा घोटा मोडला होता, तरी ते हसले. अगदी माझ्या फुकटच्या चित्रातल्या माणसासारखे हसले. पुरस्कार आम्हाला मिळाला.

पायाला प्लास्टर घातलेल्या साहेबांना जिना चढणं शक्य नव्हतं. त्यांची खुर्ची तळमजल्याच्या त्याच खोलीत आली, आणि आत्याला तिथून हलवणं भाग पडलं. वर जायचं तर उत्तीर्ण व्हायला हवं. मी संगणक तिच्यापुढे ठेवला.

"मी परत सुतार बोलावला," आत्याने विचारलं, "तर तू परत स्क्रू काढशील?"

"आत्या, आता तर पुरस्कारप्राप्त अभ्यासक्रम आहे."

तिने चष्मा लावला. "सांग बाबा, कुठलं बटण दाबू?"

मी दाखवलं. तिने दाबलं. पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि तिच्या नावाचं प्रमाणपत्र आलं. मग ती कठडा धरून जिना चढली. सातव्या पायरीपाशी थांबली, ऑपरेशनचा गुडघा दोन्ही हातांनी उचलून वरच्या पायरीवर ठेवला, आणि पुढे गेली. मी त्याचा व्हिडिओ काढला, तो आता अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला लागतो. वर खिडकीत मनी प्लांट वाळून गेला होता. आत्याने त्याला पाणी घातलं. तेवढ्यात माझ्या फोनवर आठवण आली, आणि मी 'झालं' दाबलं.

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्या घरात एक दार असेल, जरा उचलून मग ढकलावं लागणारं. तुमच्या इमारतीत एक लिफ्ट असेल, बटण दोनदा दाबून मग लाथ मारली की चालणारी. तुमच्या गल्लीत एक खड्डा असेल, त्याला तुम्ही इतकी वर्षं न बघता वळसा घालता. पाहुणे आले की तुम्ही खिडकीतून ओरडता, "जपून हं, तिथे पाय जरा उचलून टाका!" पाहुणे पाय उचलतात, पुढच्या वेळी न सांगता उचलतात, आणि तुम्हाला समाधान वाटतं.

हाच आमचा अभ्यासक्रम, आणि तुम्ही तो घरबसल्या चालवताय. आमच्याकडे निदान शेवटी प्रमाणपत्र तरी मिळतं.