खिंडीतली हाक

आमच्या शेजारचे रंगारीकाका भुतं तपासतात. पकडत नाहीत, उतरवत नाहीत, नुसती तपासतात. फॅक्टरीत जन्मभर इन्स्पेक्शनला होते. तोफगोळ्याची खोळ हातात घ्यायची, गेज लावायचा, ठोकून आवाज ऐकायचा आणि सांगायचं, पास नाहीतर रिजेक्ट. रिटायर झाल्यावर गोळे मिळेनात, म्हणून भुतं.

जबलपुरात कुठल्या घरात ‘काहीतरी आहे’ असं कानावर आलं, की काका थर्मास, घडीचं स्टूल आणि खिशात खडू घेऊन निघालेच. तिथं जायचं, मधोमध स्टूल मांडायचं, बसायचं आणि म्हणायचं, “हं, बोला.” दोन-तीन तास कोणी बोललं नाही, की चौकटीवर खडूनं मोठी फुली आणि खाली सही. गोहलपुरच्या एका बंद वर्कशॉपवर त्यांची फुली आहे. कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत एका पिंपळावर आहे. ओमतीत एका गोदामाला फुली मारताना शिपायानं हटकलं, “चाचा, ये क्या हो रहा है?” काका म्हणाले, “इन्स्पेक्शन.” आणि त्यानं चक्क सलाम ठोकला.

हे सगळं भर दुपारी बरं का. रात्री काका जागचे हलत नाहीत. “रात्री तं उंदीरबी भूत वाटते,” ते म्हणतात. “दुपारी बाराच्या उन्हात जे टिकलं, ते खरं.”

लोक म्हणायचे, रंगारीजी पक्के धम्माचे, अंधश्रद्धा मोडून काढून राहिले. विहारात त्यांचा सत्कारसुद्धा झाला, शाल मिळाली. मी मात्र भिंतीला भिंत लागून राहते, त्यामुळे मला वेगळं माहीत होतं. हा नाद लीलाकाकू गेल्यावरचा आहे.

लीलाकाकूंची हाक साऱ्या गल्लीला पाठ होती. “अहोऽ!” शेवटी जरा वर चढणारी, जणू पायरी चढताना मारलेली. आणि काका पहिल्या हाकेला कधी म्हणजे कधी ओ द्यायचे नाहीत. त्यांचा नियमच होता. पहिली हाक म्हणजे सूचना, दुसरी म्हणजे आठवण, तिसरी म्हणजे खरंच काम आहे. काकू चिडायच्या, “बहिरे झाले का जी तुम्ही?” आणि काका व्हरांड्यात रेडिओ उघडून बसलेले, गालात हसत दुसरीची वाट बघायचे.

त्या दिवशी दुसरी आलीच नाही. स्वयंपाकघरातून एकच हाक आली आणि काका वाट बघत बसले. हसत बसले होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा उठले. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, तुम्ही लगेच गेला असता तरी काही झालं नसतं. काकांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही, हे मला तेव्हाच दिसलं.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, तो फोनवर सारखा, “दीदी, बाबांकडे लक्ष ठेवा.” म्हटलं, चलो, बघू तर खरं. ओमतीच्या मागं एक रिकामं घर होतं. बाहेर रणरणतं ऊन, आत पाऊल टाकलं तर अंगावर काटा. पाण्याचं कनेक्शन केव्हाच कापलेलं, पण मोरीत ओल होती, ताजी. काका स्टुलावर बसले, थर्मासमधला चहा मला दिला आणि रिकाम्या खोलीला म्हणाले, “हं, बोला.”

किती वेळ गेला कोण जाणे. मग वर, जिन्याच्या टोकाला, बांगड्या वाजल्या. माझ्या हातातला चहा सांडला. काका मात्र उठून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. माय वं, भीती नव्हतीच तिथं. रिझल्टच्या दिवशी नाव पुकारलं जावं तसा तो चेहरा होता. धडधडत जिना चढून गेले, त्यांच्यामागून मी. वर काचेच्या मण्यांचा जुना पडदा होता, वाऱ्यानं हलत होता. खिडक्या सगळ्या बंद होत्या हे मी त्यांना सांगितलं नाही. ते खाली आले, चौकटीवर फुली मारली. “रिजेक्ट,” म्हणाले, आणि खडूचा हात पुसत राहिले.

परत येताना रिक्षात मीच विचारलं, “काका, तुम्ही काहून करून राहिले हे सगळं? खरं सांगा.”

“तिची दुसरी हाक राहिली नं,” ते म्हणाले. “एकदा मारू दे. मी ताबडतोब ओ देतो. मंग झालं माझं काम.”

मला रिक्षातच रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे.

तर असे हे काका. आणि आमच्या विहारातून भूतानची सहल निघाली. नावातच काय आहे हा विनोद गल्लीतल्या प्रत्येकानं करून झालाय, मी करत नाही. बौद्ध देश, डोंगरातली पायवाट, गुंफांचं म्हणजे तिथल्या मठांचं दर्शन, तंबूत मुक्काम, सामानाला खेचरं आणि बरोबर गाइड. काका आधी नाहीच म्हणाले होते. मग पत्रकात त्यांनी वाचलं, की वाटेतल्या उंच खिंडीत आपल्या वारलेल्या माणसांच्या हाका ऐकू येतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. संध्याकाळी पैसे भरून मोकळे!

आम्ही तीन जोडपी होतो: मी आणि आमचे हे, वासनिक नवरा-बायको, रामटेके नवरा-बायको. आणि काका. गाइडचं नाव कर्मा. गुडघ्यापर्यंतचा चौकड्याचा झगा, खाली स्पोर्ट शूज, आणि टीव्ही बघून शिकलेलं फर्डं हिंदी. काकांनी पहिल्याच दिवशी त्याला इन्स्पेक्शनला घेतलं. दोरी ओढून पाहिली, तंबूच्या खुंट्या ठोकून पाहिल्या, खेचराचे दात पाहिले. खेचर पास झालं.

गुंफेत मात्र पंचाईत झाली. आम्हाला वाटलं होतं आपल्या विहारासारखं शांत काहीतरी असेल. तिथं भिंतीभर रंगवलेले, सुळे विचकलेले, कवट्यांच्या माळा घातलेले, आगीत नाचणारे कोण कोण! रामटेकेबाई माझ्या कानात म्हणाल्या, “हे आपल्यातलं आहे का वं?” काकांचा हात खिशाकडे गेला. आमच्या ह्यांनी वेळेवर कोपर धरलं, नाहीतर त्या पुरातन भिंतीवर जबलपूरची फुली उमटली असती.

तिथं एक फार म्हातारा भिक्खू होता, डोळ्यांत पांढरं उतरलेलं. त्यानं चाचपडत चहा दिला, लोणी आणि मीठ घातलेला. काकांनी घोट घेतला, हळूच “रिजेक्ट” म्हणाले, आणि आम्ही खुसखुसलो. तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं काकांच्या शेजारी, रिकाम्या चटईसमोर आणखी एक वाटी ठेवली आणि तीत चहा ओतला.

“किसका है ये?” वासनिकांनी विचारलं.

भिक्खू काहीतरी पुटपुटला. कर्मा आमच्याकडे न बघता म्हणाला, “उनको कम दिखता है. चलो, देर हो रहा है.”

काय म्हणाला होता म्हातारा, ते मी दोनदा विचारलं. कर्मानं दोन्ही वेळा खेचरांना हाक घातली. काका मात्र त्या वाटीकडे बघत होते. तिच्यातली वाफ संपेपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खिंड होती. श्वास पुरेना. वर पोचलो तर धारेवर उंच उंच काठ्या रोवलेल्या आणि प्रत्येकीला वरपासून खालपर्यंत पांढरं कापड. कितीतरी होत्या, फडफडत होत्या. कर्मानं सांगितलं, कोणी गेलं की घरची माणसं इथं हे झेंडे लावतात. वारा त्यांना पुढं नेतो. “और एक बात,” तो म्हणाला, “बादल आ गया और पीछे से कोई नाम लेके पुकारा, तो जवाब नहीं देना. मुड़ना नहीं.”

काका पुढं झाले. “दिन में पुकारता है?”

“दिन में ही, अंकल.”

“मंग ठीक आहे,” काका मला म्हणाले. मग परत त्याला, “और जवाब दिया तो?”

“तो वो रुक जाएगा,” कर्मा म्हणाला. “उसको आगे जाना है न. अपना आदमी हाँ बोल दिया तो कैसे जाएगा? यहीं खड़ा रहेगा.”

काकांनी आणखी काही विचारलं नाही. आमच्या पुरुषमंडळींना मात्र चेव आला. “आपण तं नाई बापा ओ देत,” रामटेके म्हणाले. “कोणी नाव घेऊन बोलावलं तरी चूप!”

आणि खरोखर ढग आला. आला म्हणजे काय, बघता बघता पुढचा माणूस दिसेना. खेचरांच्या गळ्यातल्या घंटा थांबल्या. कापडांची फडफडसुद्धा थांबली. आपलाच श्वास कानात वाजत होता. आणि मागून, अगदी जवळून, बाईचा आवाज आला.

“अहोऽ!”

“काय गं?” आमचे हे म्हणाले.

“ओ!” वासनिक म्हणाले.

“आलो, आलो,” रामटेके म्हणाले.

सांगा आता. त्या कर्माच्या देशात नाव घेऊन हाक मारत असतील. आमच्यात कोणती बाई नवऱ्याचं नाव घेते? इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं नाव मी उखाण्यातच काय ते घेतलं. ‘अहो’ म्हटलं की साऱ्या नवऱ्यांनी वळायचं, ही लग्नापासूनची सवय. कर्माचा नियम तिथं काय पुरणार!

“मी कुठं हाक मारली?” रामटेकेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पुढून आला.

“मी बी नाई,” वासनिकबाई. त्याही पुढेच होत्या.

मी तर ह्यांचा हात धरून उभी होते.

रामटेक्यांनी चाचपडत कर्माची बाही धरली. “कर्मा, अब क्या होगा? हमने तो हाँ बोल दिया!” कर्मा माझ्या बाजूलाच डोळे मिटून भराभरा काहीतरी म्हणत होता. मग थांबून म्हणाला, “डरो मत. आपकी नहीं थी न? जिसकी थी, उसने जवाब दिया क्या?”

मला तोवर कळून चुकलं होतं. शेवटी जरा वर चढणारी ती हाक. भिंतीपलीकडून मी ती वर्षानुवर्षं ऐकली होती. तुम्ही म्हणाल विरळ हवा, दमलेलं डोकं. म्हणा खुशाल.

ढग जरा विरळ झाला तेव्हा काका दिसले. आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि मफलरचा बोळा दोन्ही हातांनी तोंडावर गच्च दाबून धरला होता. खांदे हलत होते. मी हाक मारणार होते, धीर झाला नाही. तेवढ्यात वारा सुटला, सगळी कापडं एकदम फडफडली आणि ढग धारेपलीकडे गेला.

पुढचा सगळा उतार काका मफलरचा बोळा मुठीत धरूनच उतरले. खाली एका मोठ्या ओढ्याकाठी जेवायला थांबलो. मी ताट घेऊन त्यांच्याजवळ बसले.

“काका, काकूच होत्या नं?”

“हाव.”

“मंग ओ काहून नाई दिली? याच्यासाठीच आले होते नं तुम्ही?”

“तोंडात आली होती,” ते म्हणाले. “पण थांबली असती ना माय ती. आणि वरती थंडी किती, पाहिली नं तू? साध्या लुगड्यावर असंन. तशी कशी ठेवू तिले तिथं?”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी कर्माला बोलावलं. “इथून बोललेलं ऊपर सुनाई देता है क्या?”

“नहीं अंकल, बिलकुल नहीं. पानी का इतना शोर है.”

“पक्का?”

“पक्का.”

काकांनी मफलर सोडला, खिंडीकडे पाठ केली आणि पाण्याकडे वाकून, अगदी हळू, म्हणाले, “ओ.”