पापड, नळ आणि श्यामकांतांची शिष्टाई

"अहो, दोन देशांचे तुटलेले संबंध जोडायला लागतं काय? एक शहाणा वकील! आणि तो इथं बसलाय!" श्यामकांतांनी पेपर मांडीवर आपटला.

ते अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर. बिऱ्हाड मात्र उल्हासनगर कॅम्प तीनच्या बराकीत. मधल्या फळीच्या अलीकडे त्यांचं राष्ट्र, पलीकडे सिंधी लीलारामशेठचं. वर्षापूर्वी श्यामकांतांच्या पत्नी मालिनीबाईंचं ओलं लुगडं शेठाणीच्या पापडांवर ठिबकलं आणि सरहद्द बंद! नळ नेमका शेठच्या अंगणात. मालिनीबाई लांबच्या विहिरीवरून हंडे वाहून वाकल्या होत्या.

"आज नळ उघडला तर ठीक. नाहीतर मी चालले बदलापूरला, भावाकडे!"

श्यामकांत कोट चढवून तडक पलीकडे गेले.

"आओ साईं!" शेठनी खाट झटकली. "मानी?"

श्यामकांत चपापले. आल्या आल्या बायकोचा स्वभावच काढला की! पण वकिलानं चिडायचं नसतं.

"हां, मानी तो है. जरा कडक है. तापली की टम्म फुगती है!"

"फूलनी ही चाहिए! हमारी ठंडी हो जाए, तो फिर तवे पर!"

"तव्यावर?" श्यामकांतांना घाम फुटला. "शेठाणी काही म्हणत नाहीत?"

"वही तो डालती है!"

"शेठ... आपको है तरी कितनी?"

"सुबह चार, शाम को दो. उमर हो गई साईं, अब ज्यादा पचती नहीं!"

श्यामकांत खाटेवरून घसरले. तेवढ्यात फळीला कान लावून बसलेल्या मालिनीबाई वाघिणीसारख्या आत शिरल्या.

"कोण तापली की फुगते हो?"

"लो, गरम मानी!" शेठाणी फुलक्यांची थाळी घेऊन दारात. मालिनीबाईंचा अवतार पाहून ती थबकली. "भेण, आमच्यात पोळीला मानी म्हणतात. तुम्ही काय समजलात?"

मालिनीबाईंनी टम्म फुगलेल्या फुलक्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "यांना वाटलं, मानी म्हणजे मी!"

शेठाणी हसता हसता उंबऱ्यावरच बसली. मालिनीबाईंनाही हसू आवरेना. "हंडा आण, भेण!" म्हणत शेठाणीनं नळ सोडला.

संबंध पूर्ववत झाले! दोन्ही राष्ट्रांची बोलणी आता नळावर तासन् तास चालतात. मालिनीबाई फक्त श्यामकांतांशी बोलत नाहीत. काही विचारायचं झालं की त्या फळी ठोठावतात आणि पलीकडून शेठाणी ओरडते, "साईं! आपकी बाई पूछती है, आमटी में नमक बराबर है क्या?"