गुन्वोरआजींचं निळं फडकं

जी वस्तू रोजच्या वापरात असते तिला मोठं नाव लागत नाही. नाव, नियम आणि समिती या तिन्ही गोष्टी वापर थांबल्यावर येतात.

नॉर्वेत आमच्या खोऱ्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लोकरीचा घागरा, चोळी अन् पुढे बांधायचं फडकं अशा थाटात गाईंच्या धारा काढत. त्याला त्या 'कपडे' म्हणत. (अडाणीपणा, दुसरं काय!) मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी 'पोशाख' अशा अर्थाचा एक जुना शब्द माळ्यावरून काढला, झटकला आणि त्या कपड्यांना चिकटवला: बूनाद. शब्द इतका भारदस्त निघाला की बूनाद घालून गोठ्यात जायची कुणाची छाती होईना.

आता तो मुख्यतः सतरा मेच्या राष्ट्रीय मिरवणुकीत निघतो. त्यावर गॉगल चालत नाही, लोंबते डूल चालत नाहीत, परगावचं भरतकाम तर पापच. हे बघायला आमची समिती आहे. मी तिचा सचिव. (जन्म साताऱ्याचा, त्यामुळे निःपक्षपाती.)

यंदा मिरवणुकीच्या सकाळी गुन्वोरआजी तपासणीला आल्या. वय चौऱ्याण्णव. पणती तिरिल शाळेच्या बँडमध्ये पहिल्यांदाच ट्रम्पेट वाजवणार होती आणि तिच्या शेजारून चालायचं, हा आजींचा हट्ट. "पुढच्या मेचा भरवसा कुणी दिलाय?" अंगावर लग्नापासून रोज वापरलेले कपडे.

अध्यक्षा हेरबोर्गबाईंनी भिंग काढलं. "आजी, फडकं निळं आहे. नमुन्यात हिरवं आहे."

"अगं, ते हिरवं तुझ्या आजीनं माझंच बघून शिवलं! तिला निळं कापड मिळालं नाही."

"असेल. पण मंजूर हिरवं झालंय."

"मग काय, नागडी चालू?"

"त्याबद्दल नियम नाही," हेरबोर्गबाई गंभीरपणे म्हणाल्या, "पण आज गारठा आहे."

ठराव एकमतानं झाला: आजी अपात्र. आजींचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं, पण हात मीही वर केला होता.

तेवढ्यात पाऊस आला. आजींनी त्याच कपड्यांवर पिवळा रेनकोट चढवला. रेनकोटला नियमच नाहीत, समितीचा नाइलाज झाला. आजी पणतीच्या शेजारून अख्खं गाव चालल्या. खोऱ्यात रोज वापरलेला एकमेव पोशाख गळ्यापर्यंत बटणं लावून झाकला गेला आणि मिरवणूक शंभर टक्के अस्सल ठरली.

हसताय? हसा. फक्त पाडव्याच्या शोभायात्रेसाठी चेन लावलेली, शिवलेली नऊवारी आणाल, तेव्हा आजीला एकदा विचारा, ती रोज नेसायची त्याला काय म्हणायची. ती 'लुगडं' म्हणेल. आणि तुम्हीच तिला दटावाल, "आजी, चारचौघांत लुगडं नको गं म्हणूस, बरं नाही दिसत."