सगळी सेटिंग हाय

गाण्याचा कार्यक्रम टीव्हीचा आवाज बंद करून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे घरमालक, गुलाबनाना.

"गानं ऐकत बसलं की मानूस गुंगतो," नाना सांगायचे. "आवाज बंद कर, मंग बघ कोन कुनाला डोळा घालतंय."

नाना भोसरीचे मूळ गावकरी. शेत कारखान्यांत गेलं, उरलेल्या जागेवर त्यांनी खोल्या बांधल्या. वरच्या दोन आमच्याकडे. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे खाली नाना एकटेच. मी चाकणला कंपनीत. पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी मोकळा असायचो, पण घरात माझ्या बायकोची, सारिकाची मालिका चालू. मग मी खाली नानांकडे जाऊन बसायचो.

नानांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. परीक्षक बाई रडल्या की, "डोळ्यात कायतरी घातलंय." प्रेक्षकांतल्या एका जांभळ्या साडीवाल्या बाईला त्यांनी प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमातही हेरलं होतं. "ही रोजंदारीवर हाय. कंपनीत ठेकेदार मानसं भरतो ना, तसं." एका स्पर्धकाचे वडील रिक्षा चालवतात असं दाखवलं, तर नाना चष्मा लावून पडद्याला नाक लावायला गेले. "रिक्षावाल्याची नखं अशी असत्यात व्हय? सगळी सेटिंग हाय, राव."

"मग बघता कशाला, नाना?" मी एकदा विचारलं.

"चोर धराया जागं राहाया नको?"

पण कार्यक्रम संपला की खुद्द नानांचंच वागणं मला खटकायला लागलं. फोन वाजायचा. नाना नाव बघायचे आणि उठून मागच्या हौदापाशी जायचे. त्यांच्या फोनमधून पलीकडचं बोलणं चार घरं ऐकतील इतकं मोठ्यानं यायचं, म्हणूनच जात असावेत. खिडकीतून मला नानांचे तुकडे तेवढे ऐकू यायचे. "ती पोरगी जानार." "न्हाई, लिहून देतो." "बघू की पुढच्या हप्त्याला." आत यायचे ते चेहरा उजळूनच. त्यातही गंमत अशी, की माझ्यापाशी जिला ते एक नंबर म्हणायचे, तिलाच फोनवर बेसूर ठरवायचे. तेही आवाज बंद ठेवून.

मी सारिकाला सांगितलं. ती म्हणाली, "सट्टा लावतात. उगीच का एवढं डोळ्यांत तेल घालून बघतायत?"

मला ते पटलं.

मग अंतिम फेरी झाली, एक मुलगी जिंकली, नानांनी "ठरल्यालं व्हतं" म्हटलं आणि कार्यक्रम संपला. पुढच्या आठवड्यात मी खाली गेलो तर टीव्ही बंद. नाना फोन मांडीवर घेऊन बसलेले. फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

"गान्याचं नवीन कधी चालू व्हनार?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीनंतर म्हणतात."

"लई लांब हाय."

मला राहवेना. "नाना, खरं सांगा. पैज कुणाशी लावता?"

"पैज कसली? मनीषाचा फोन असतो."

मनीषा त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं लग्न आपल्या मनानं केलं, लातूरला गेली. नाना लग्नाला गेले नाहीत आणि बापलेकीचं बोलणं बंद झालं. एवढं मी शेजाऱ्यांकडून ऐकलं होतं.

"मागं एका पोराला काढला, तवा तिनंच चिडून फोन केला," नाना म्हणाले. "म्हनली, बघितलं का नाना, कसा अन्याय केला. मी म्हनलो, सेटिंग हाय. ती म्हनली, न्हाई. लई भांडलो. मंग दर हप्त्याला भांडाया लागलो. दुसरं काय बोलाया आमाला जमत न्हाई."

"पण तुम्ही तिच्या उलटच का बोलता?"

"ती जिला धरंल, तिच्या इरुद्ध मी. दोघं एकाच बाजूला झालो तर फोन ठेवावा लागंल."

"मग आज तुम्ही लावा की."

"काय म्हनून लावू? विषय पायजे ना."

बराच वेळ ते फोन हातात फिरवत राहिले. शेवटी लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "मनीषा बाजारात गेलीय, नाना. मी बोलतोय."

नाना ताठ झाले. मला वाटलं, आता ठेवतात. त्या माणसाशी ते आजवर एक शब्द बोललेले नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

"तुमी बघता का ते गान्याचं?"

"बघतो की. तुमच्या फोनच्या आधी आमचं भांडण होतं त्यावरून."

"असं व्हय," नाना म्हणाले. "तुमची कोन व्हती?"

पलीकडचा माणूस सांगायला लागला. नाना ऐकत होते, मधे एकदाही बोलले नाहीत. मी उठून दारात चपला घालत होतो, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"मनीषा आली तरी लगीच देऊ नगा तिला. तुमचं व्हऊ द्या आधी."