टाचेचं मलम

लालासाहेबांच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग होते आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. मानसिंगच्या गालांवर ते नव्हते, याचं मात्र रोज वाटायचं.

मानसिंग म्हणजे सख्खा चुलतभाऊ. गल्लीच्या अलीकडं लालासाहेब, पलीकडं मानसिंग. दोघं एकाच वर्षी जन्मले, एकाच भरतीत फौजेत गेले. लालासाहेब हवालदार होऊन कोरेगावच्या स्टँडवर उतरले आणि दोन वर्षांनी मानसिंग नायब सुभेदार होऊन उतरला. तिथंच भावकीत काडी पडली. पुढं मानसिंगच्या बोअरला पाणी लागलं, ह्यांच्या बोअरला नुसता फुफाटा. त्याचा ऊस आधी तुटायचा, ह्यांच्या उसाला तुरे यायचे. हे सगळं माणूस एक वेळ गिळतो. पण एकसष्टाव्या वर्षी मानसिंगचं तोंड उजळायला लागलं, तेव्हा लालासाहेबांच्या घशाखाली घास उतरेना.

त्यात मनुबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. "आवं, मानसिंग भावजींचा चेहरा बगितला का? नवऱ्या पोरावानी दिसतोय," त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या.

"पेन्शन जास्त हाय त्याला," लालासाहेब म्हणायचे. पेन्शनचा आणि गालांचा काय संबंध, हे मनुबाईंनी कधी विचारलं नाही.

त्या गावात पंधरा ऑगस्टचा झेंडा माजी सैनिकाच्या हातून लागायचा. गेली दोन वर्षं मानसिंगनं लावला होता आणि त्याचा फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काचेत बसला होता. यंदा सरपंच शिवांजलीनं स्वतः घरी येऊन सांगितलं, "आबा, ह्या वर्षी झेंडा तुमच्या हातानं. फोटोग्राफर बी सांगितलाय." लालासाहेबांना आनंद झाला तो फार तर चहा संपेपर्यंत टिकला. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपला फोटो मानसिंगच्या फोटोशेजारीच लागणार. येणारा जाणारा दोन्हीकडं बघणार आणि मनात काय म्हणणार, ते त्यांना आधीच ऐकू यायला लागलं.

त्यांनी पाळत ठेवली. फौजेतली सवय कामाला आली. मानसिंग अंघोळ झाली की सोप्यावरच्या खिडकीशी उभा राहून तोंडाला काहीतरी चोळतो, हे तिसऱ्या दिवशी पक्कं झालं. खिडकीच्या फळीवर एक आरसा, एक फणी आणि एक स्टीलची डबी. म्हणजे मुद्देमाल डबीत होता.

तेरा तारखेला दुपारी लालासाहेब पलीकडं गेले. सात-आठ वर्षांत पहिल्यांदाच गेले असतील. मानसिंग तोंडाला मास्क लावून बसला होता.

"सर्दी झालीया," तो म्हणाला. "आज लय दिसानं वाट चुकलास?"

"परवा झेंड्याला ये म्हणून सांगाय आलो. पुढच्या रांगेत बस."

हे म्हणताना लालासाहेबांना जे सुख झालं, ते हवालदार झाल्या दिवशीही झालं नव्हतं. मानसिंग चहाचं सांगायला आत वळला. लालासाहेबांनी डबी उघडली. आत तपकिरी, मेणचट मलम होतं आणि वास कापराचा. बाजारातली क्रीम पांढरी असते, हे जडीबुटीचं दिसतंय, म्हणूनच गुण येतोय, असा त्यांनी हिशेब केला. बोटानं चांगला गोळा काढून चुन्याच्या डबीच्या झाकणात भरला आणि चहाला "नको" न म्हणता शांतपणे चहा प्याले.

घरी येऊन त्यांनी आरशासमोर तोंडाला ते मलम चोळलं. मानसिंग दोन वर्षं लावतोय, आपल्याला दोन दिवसांत त्याला गाठायचंय, म्हणून जरा जाडच चोळलं. मनुबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. संध्याकाळी गाल चुरचुरायला लागले. औषध लागू पडतंय, असं म्हणून लालासाहेब समाधानानं झोपले.

सकाळी मनुबाई चहा घेऊन आल्या आणि कप त्यांच्या हातातच राहिला. नवऱ्याच्या तोंडाचं भोपळ्यागत झालं होतं. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, गालांवर पाण्यानं भरलेले फोड, आणि ओठ असे की मिशी कुठल्या ओठावर आहे ते कळेना.

"आवं, काय झालं ओ हे?"

चोरी केली म्हणायची सोय नव्हती. तीही मानसिंगच्या घरात. "माशी चावली," लालासाहेब म्हणाले.

"एक माशी?"

"लय माशा. शाळंच्या पिंपळाखालनं आलो काल. मोहोळ हाय तितं."

पिंपळावर मोहोळ होतं हे खरंच. पण मनुबाईंना सांगितलेली गोष्ट घरात राहत नाही, हे लालासाहेब चाळीस वर्षांच्या संसारानंतरही विसरले. अर्ध्या तासात शिवांजली दारात. झेंडा त्याच शाळेत लागायचा होता. माशा आज आबांना डसल्या, तर उद्या पोरांना डसणार. तिनं फोन फिरवले, मुख्याध्यापकांनी पोरांना सुट्टी दिली, मैदानातला मांडव सोडला, आणि मोहोळ उतरवायला हरिबाला बोलावणं गेलं.

हरिबा हा फौजेतलाच, पण स्वयंपाकी. वीस वर्षं लंगरात भाकऱ्या भाजून आलेला. कपाळावर, ओठांभोवती आणि दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. माणूस गुणाचा, पण समारंभात तो आपणहोऊन मागं उभा राहायचा आणि त्याला पुढं ये म्हणायचं कुणाला सुचायचं नाही. हरिबानं पिंपळाखाली उभं राहून बघितलं, वर चढला, खाली उतरला आणि थेट लालासाहेबांच्या घरी आला.

"दादा, माशा तर थंड हायत्या. काटं दाखवा, काढून देतो."

"काटं न्हाईत," लालासाहेब टॉवेलाआडून म्हणाले.

हरिबानं टॉवेल बाजूला केला. थोडा वेळ बघितलं आणि हळूच कानाशी आला. "दादा, ह्यो बिब्बा उतलाय. आपल्या गल्लीत बिब्ब्याचं मलम एकच बाई करती. मानसिंग दादांच्या संयोगिता वहिनी. टाचंच्या भेगांसाठी."

लालासाहेबांनी डोळे मिटले. नाहीतरी ते मिटलेलेच होते. सगळ्या गावात आपण भाऊबंदाच्या बायकोचं टाचेचं मलम चोरून तोंडाला फासलं, ही गोष्ट उद्या झेंड्याआधी वर जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"मी काय कुनाला बोलत न्हाई," हरिबा म्हणाला. "पर डॉक्टरला दावा. माज्या गाडीवर बसा."

कोरेगावात कातडीच्या डॉक्टर कीर्तीबाई बसत. सांगलीकडच्या, बोलायला मऊ, पण उगाच कुणाचं मन राखणाऱ्या नव्हत्या. हरिबा काही कामानं औषधांच्या दुकानात गेला आणि लालासाहेब तोंडावर उपरणं ओढून बाकड्यावर बसले. शेजारी आणखी एकजण मास्क आणि गॉगल लावून बसला होता. बूट ओळखीचे होते. दर रविवारी पॉलिश होणारे बूट अख्ख्या गावात एकाच माणसाचे.

"मान्या?"

गॉगल वळला. "लाल्या? तू हितं?"

"माशी चावली. तुला?"

"सर्दी."

"सर्दीला कातडीचा डॉक्टर?"

मानसिंग काही बोलायच्या आत आतून हाक आली आणि गर्दी फार म्हणून दोघांना एकदमच आत घेतलं. कीर्तीबाईंनी आधी उपरणं काढलं. "बिब्बा. कुठल्या मलमात होता?"

लालासाहेबांनी मान खाली घातली. मग त्यांच्या लक्षात आलं की आता लपवून काही उरत नाही, आणि ते पुटपुटले, "टाचंच्या."

"काका, टाचेची कातडी जाड, वर मेलेले थर असतात. तोंडाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. टाचेला जे सोसतं ते गालाला कसं सोसेल? फोड फोडायचे नाहीत, खाजवायचं नाही, पंधरा दिवस उन्हात जायचं नाही."

"आमच्या खिडकीतली डबी?" मानसिंग हळूच म्हणाला.

"मग तू रोज तितं उभा राहून काय लावतोस?"

उत्तर मानसिंगनं नाही, मास्कानं दिलं. तो काढला तर आत लालबुंद गाल, वर पुरळ, नाकाशेजारी लाल शिरांचं जाळं, आणि ज्या गालांवर मनुबाई जीव टाकायच्या त्यावर बारीक लव. मानसिंगनं खिशातनं रिकामी ट्यूब काढून दिली, ती कीर्तीबाईंनी वाचून बाजूला टाकली. "कोणी लिहून दिलेली?"

"कुनी न्हाई. मेडिकलातनं आनली. गोरं व्हायला म्हनून. चार-पाच दिस झालं संपली, तवापास्नं आग व्हतीया."

"हे इसबाचं, एक्झिमाचं औषध आहे, चार दिवसांचं. दोन वर्षं लावलंत तर कातडी पातळ होते. आता ती उन्हालाही सोसत नाही. तुम्हीसुद्धा पंधरा दिवस सावलीत."

लालासाहेबांचा जीव एकदम हलका झाला. आपलं तोंड जाऊ दे, मानसिंगचंही गेलं होतं. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "ह्या वयात गोरं व्हऊन काय करनार व्हतास रं?"

मानसिंगनं मास्क पुन्हा वर ओढला. मग म्हणाला, "लोणंदला लग्नात आपला फोटो काढला, आठवतंय? त्या पोरानं मला आजोबा म्हटलं आन् तुला काका. घरी येऊस्तवर संयोगिता हसत व्हती."

ही गोष्ट लालासाहेबांना आठवतही नव्हती. दोन वर्षं हा माणूस आपल्यावर जळतोय आणि आपल्याला पत्ता नाही, हे कळून त्यांना इतका आनंद झाला की सुजल्या ओठांनी हसताना फोड दुखला.

तेवढ्यात शिवांजलीचा फोन आला. "आबा, डॉक्टर काय म्हणतात? उद्या तुम्हाला जमणार नाही तर मानसिंग आबांना सांगू का?"

"त्याला बी जमत न्हाई," लालासाहेब पटकन म्हणाले.

"मग तुमीच नाव सांगा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. खालच्या आळीतला जुना शिपाई? तो तर मिरवायलाच टपलेला. थोरल्या आळीतला कॅप्टन? त्याचा फोटो भिंतीवर लागला तर दोघांनाही कुणी विचारणार नाही. पुढं कधी ज्याच्यावर जळावं लागणार नाही असा माणूस हवा होता. मानसिंगनं दुकानाच्या पायरीकडं मान हलवली. तिथं हरिबा औषधांची पिशवी घेऊन उभा होता.

"हरिबाला सांग," लालासाहेब फोनवर म्हणाले. दोघांनाही आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटलं.

हरिबानं मोहोळ आदल्या रात्रीच उतरवलं होतं, आणि पंधरा ऑगस्टला सकाळी ऊन कडक पडलं. दोघं तोंडाला गुलाबी औषध थापून मैदानाच्या कडेला एकाच छत्रीखाली उभे राहिले. दुसरी छत्री मनुबाईंनी स्वतःकडंच ठेवली होती. हरिबा जुना, घट्ट झालेला कोट घालून आला. डाग पडलेल्या हातांनी त्यानं दोरी ओढली. झेंडा उलगडला, त्यातली फुलं त्याच्या कपाळावर पडली आणि त्यानं सलामी दिली. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. पोरं हरिबाचे हात धरायला धावली आणि फोटोग्राफर "आणखी एक, आणखी एक" करत गुडघ्यावर बसला.

हरिबा लगबगीनं छत्रीकडं आला. "दादा, माझ्या आईला बगाय पायजे व्हतं. जेवायच्या पंगतीत बी मला कडंला बसवायचे लोक. तुमी दोघांनी मला झेंड्यापाशी उभं केलं." त्याचे डोळे भरले होते. लालासाहेबांना लाज वाटली, आणि चांगली जोरात वाटली.

माईकवर शिवांजली उभी राहिली. "लालासाहेब आबांनी आणि मानसिंग आबांनी स्वतःचा मान हरिबा आण्णांना दिला. एवढं मोठं मन कुणाचं नसतं. गावानं ठरवलंय, इथून पुढं दरवर्षी झेंडा आण्णांच्याच हातानं लागेल."

पुन्हा टाळ्या पडल्या. मनुबाई आणि संयोगिताबाई हरिबाच्या दोन बाजूंना उभ्या राहून फोटोसाठी पदर सावरत होत्या.

"नाव तूच सांगितलंस," मानसिंग दातओठ खात म्हणाला.

"मान कुनी हलवली?" लालासाहेब म्हणाले. त्यांनी हात गालाकडं नेला, पण खाजवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग टाळ्या थांबेपर्यंत दोघंही एका छत्रीखाली टाळ्या वाजवत उभे राहिले.