वीज की बाण

"मुलाखतीच्या शेवटी ते विचारतील, तुला काही विचारायचंय का?" ताई म्हणाली. "तेव्हा काय म्हणशील?"

"होय," धाकटा म्हणाला.

"बरं. आणि मग काय विचारशील?"

"होय."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. धाकट्याला घरात सगळे होयबा म्हणत, ते काही उगाच नव्हे. 'नको' म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा पडेल या नुसत्या कल्पनेने तो आधीच 'होय' म्हणून मोकळा व्हायचा. शेजारणीने एकदा विचारलं होतं, मांजराचं पिल्लू दोन दिवस सांभाळशील का? ते पिल्लू आता चांगलं थोराड होऊन बाबांच्या खुर्चीत झोपत असे आणि बाबा स्टुलावर बसत.

डोकं मात्र तल्लख. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत हिशेबाच्या विषयात तो वर्गात पहिला आला होता. मुख्य रस्त्यावरची हिशेब तपासनिसांची एक जुनी फर्म दरवर्षी शाळा संपवलेल्या दोघांना प्रशिक्षणाला घ्यायची. काम शिकवायचे, पगार द्यायचे आणि पुढच्या परीक्षांची फीदेखील भरायचे. ही जागा मिळाली तर पुढचं शिक्षण होणार होतं, नाही मिळाली तर नाही. हे घरात कुणी बोलून दाखवत नसलं तरी मांजरासकट सगळ्यांना माहीत होतं.

ताईच्या या धडपडीचं कारण त्याहून जुनं होतं. गेल्या वर्षी तीच त्या फर्ममध्ये मुलाखतीला गेली होती. सगळी उत्तरं बिनचूक दिली. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं विचारल्यावर नम्रपणे "नाही" म्हणाली आणि आठवड्याने नकार आला. तेव्हापासून ती फर्मसमोरच्या चष्म्याच्या दुकानात लोकांना खालची ओळ वाचायला सांगत होती. त्या एका 'नाही'ने आपला घास पळवला, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"नावे म्हणजे काय?" तिने पुढचा प्रश्न टाकला.

"जमेच्या उलट. आणि शेजारच्या काकू आपल्याला ठेवतात, ती."

"दुसरं तिथे सांगू नकोस. आता माझे तीन प्रश्न पाठ कर. पहिल्या वर्षी काय शिकायला मिळेल, अभ्यासाला सुट्टी मिळते का, आणि मागच्या वर्षी घेतलेली मुलं आता काय करतात. करशील ना पाठ?"

हे विचारायलाच नको होतं.

संध्याकाळी बाबांनी सांगितलं, "केस तेवढे कापून ये. माणूस कसा टापटीप दिसला पाहिजे." होयबा गेला.

सलूनवाल्या काकांनी त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याशी कापड बांधलं आणि त्याचा चष्मा काढून आरशाखालच्या फळीवर ठेवला. चष्म्याशिवाय होयबाला आरशात स्वतःचा चेहरा म्हणजे कापडावर ठेवलेला बटाटा दिसायचा. त्यात कानाशी मशीन घरघरू लागलं आणि मनात ताईचे तीन प्रश्न.

"मुलाखत आहे म्हणे उद्या?"

"होय."

"मग जरा नवीन पद्धतीचे कापू?"

"होय."

"बाजूने साफ करून वर तुरा?"

"होय."

काकांना हुरूप आला. त्यांच्या दुकानात येणारी माणसं वर्षानुवर्षं 'नेहमीसारखे' एवढा एकच शब्द बोलून डोळे मिटत आली होती. पुतण्याने आणून दिलेलं नक्षी काढायचं बारीक मशीन डबीतून बाहेरही निघालं नव्हतं. त्यांनी डबी उघडली.

"कानाच्या वर काही काढू का?"

"होय."

"वीज की बाण?"

"होय," होयबा म्हणाला.

काका थोडे थांबले. मग पोरगं दिलदार आहे असं स्वतःशी म्हणत त्यांनी डाव्या बाजूला वीज काढली आणि उजव्या बाजूला बाण. कापड झटकलं, चष्मा परत दिला आणि मागे उभे राहिले. होयबाने आरशात पाहिलं. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"आवडलं?" काकांनी इतक्या आशेने विचारलं, की दुसरं उत्तर त्याच्या तोंडून येणं शक्यच नव्हतं.

घरी आईने दार उघडलं, पाहिलं आणि परत लावलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा तिच्यामागे सगळं घर उभं होतं.

"तो काढत होता तेव्हा तू काही बोलला नाहीस?" आई म्हणाली.

"बोललो."

काय बोलला हे कुणीच विचारलं नाही.

"सोपं आहे," बाबा म्हणाले. "सगळंच काढून टाकू." त्यांनी दाढीचं मशीन आणलं आणि होयबाची मान खाली दाबून मागून सुरुवात केली. मशीनने मानेपासून वर चार बोटं एक स्वच्छ पट्टा काढला आणि जीव सोडला. चार्जर बाबांच्या ऑफिसात राहिला होता. आई सलूनकडे धावली, तोवर दुकानाला कुलूप लागलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती.

आता डोक्यावर वीज, बाण आणि मागे एक रस्ता होता. ताईने आपली भुवयांची पेन्सिल काढली आणि मोकळी जागा काळी करायला घेतली. दिव्याच्या उजेडात ते बरंच बरं दिसलं. सकाळी उन्हात बाहेर पडल्यावर ते चमकायला लागलं, आणि फर्मच्या जिन्यापर्यंत पोचेतो कानामागून एक काळा ओघळ निघाला. होयबाने रुमालाने सगळीकडून पुसलं. भोवतीचा भाग काळवंडला आणि मधली वीज आणखी लखलखीत झाली. करायला गेले एक, झालं भलतंच.

"केसांचा विषय आपणहून काढू नकोस," ताईने दुकानाकडे वळताना बजावलं होतं. "मोठ्या ऑफिसातली माणसं सभ्य असतात. ती विचारणार नाहीत."

माणसं सभ्य होती, यात वाद नाही. टेबलामागे तिघं बसले होते. होयबाच्या डाव्या हाताला एक बाई, उजव्या हाताला एक गृहस्थ आणि मधोमध जाड भिंगांचा चष्मा लावलेले मोठे साहेब.

"खिडकी उघडू या का, सर? कोंदट झालंय," बाई म्हणाल्या.

"हो, हो," मोठे साहेब म्हणाले.

"धूळ येते सर. बंदच बरी," गृहस्थ म्हणाले.

"हो, तेही खरं."

बाई तोवर उठल्या होत्या, म्हणून खिडकी उघडली गेली. मग त्या बसल्या आणि त्यांची नजर होयबाच्या डाव्या कानाच्या वर जाऊन अडकली.

"समज, एका दुकानाने पुढच्या महिन्याचं विजेचं..." त्या थांबल्या. "म्हणजे भाडं म्हणू या. भाडं आधीच भरलं. तर ते कुठे दाखवशील?"

होयबाने नीट सांगितलं. सांगताना तो बाईंकडे वळला, आणि गृहस्थांना अख्खा बाण दिसला. बाण खाली वळलेला होता. गृहस्थांनी मान तिरपी करून त्याचं टोक कुठे जातं ते पाहिलं.

"वहीत एकदा चुकीची नोंद झाली तर काय करशील?" त्यांनी विचारलं. "कारण सुटलेला बाण काही परत..." त्यांनी ओठ मिटले आणि पाण्याचा ग्लास उचलला.

"खोडायची नाही," होयबा म्हणाला. कालची पेन्सिल त्याला आठवली. "खोडलं की जास्त दिसतं. उलटी नोंद करून दुरुस्त करायची."

उत्तर गृहस्थांना आवडलेलं दिसलं. तेवढ्यात होयबाचा पेन खाली पडला. उचलायला तो वाकला तसा मागचा पट्टा तिघांच्या समोर आला. वरून मोठ्या साहेबांचं हलकंसं "अरे" ऐकू आलं. तो उठून बसला तेव्हा तिघेही आपापल्या कागदात बघत होते.

"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "एका दुकानाची रोकड वर्षभर रोज बरोबर जुळते. एकदाही चूक नाही, एकदाही फरक नाही. तुझं काय म्हणणं?"

"छान आहे," होयबा म्हणाला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. ज्याला हे बघून शंका येत नाही, त्याने या धंद्यात काय करायचं, असा त्या आठीचा सरळ अर्थ होता. त्यांनी कागदावर काहीतरी बारीक लिहिलं. जागा हातची चालली हे होयबाला कळलं आणि मनापासून वाईट वाटलं, स्वतःपेक्षा ताईसाठी.

"तुला काही विचारायचंय का?" मोठे साहेब म्हणाले.

तीन प्रश्न कुठच्या कुठे गेले होते. होयबाने समोर पाहिलं. बाई त्याच्या डाव्या कानाच्या वर बघत होत्या, गृहस्थ उजव्या कानाच्या वर आणि मोठे साहेब तुऱ्याकडे. यांना एवढं काय हवंय? आयुष्यात पहिल्यांदाच त्याला समोरच्या माणसाबद्दल खरोखरचं कुतूहल वाटलं.

"होय," तो म्हणाला. "तुम्हाला काही विचारायचंय का?"

"ही वीजच आहे ना?" बाई म्हणाल्या.

"वीज कुठली, बाण आहे," गृहस्थ म्हणाले.

"आणि मागे काय झालं?" मोठे साहेब म्हणाले.

होयबाने सगळं सांगितलं. फळीवरचा चष्मा, घरघरणारं मशीन, ‘वीज की बाण’ला दिलेलं उत्तर, बाबा आणि भुवयांची पेन्सिल. गृहस्थांना हसता हसता ठसका लागला. बाईंनी डोळे पुसले.

"अरे, पण 'वीज की बाण' म्हणजे काय, हे विचारावंसं नाही वाटलं तुला?" त्या म्हणाल्या.

"आता वाटतंय," होयबा म्हणाला.

"कुठे आहे हे सलून?" मोठे साहेब म्हणाले. "माझेही वाढलेत." होयबाने पत्ता दिला. मग एकदा तोंड उघडलंच आहे म्हणून तो म्हणाला, "आणखी एक विचारू? माझी ताई गेल्या वर्षी इथे आली होती. तिची सगळी उत्तरं बरोबर होती. तिला का नाही घेतलं?"

"आठवते मला ती," बाई म्हणाल्या. "हुशार होती. पण काही विचारायचंय का म्हटलं तर नाही म्हणाली. आम्हाला वाटलं, हिला इथे यायचंच नाहीये."

"तुम्ही विचारलंत तिला तसं?"

यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. लोकांना 'हे का, ते का' विचारण्यावर ज्यांचं पोट होतं त्या तिघांना हे एकदाही सुचलं नव्हतं.

"नाही विचारलं," गृहस्थ शेवटी म्हणाले. "हा म्हणतो, खोडायचं नाही. दुरुस्त करायचं." ते बाईंकडे वळले. "एक जागा अजून रिकामीच आहे. दुसरीचंही ठरायचंय."

"कुठे असते तुझी ताई? आत्ता येईल का?" बाईंनी विचारलं.

"समोरच असते," होयबा म्हणाला. पुढचं 'होय' जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं. "विचारून बघतो."

ताई आली ती दुकानाचा पांढरा कोट घालून, कुणाचा तरी अर्धा घट्ट केलेला चष्मा हातात तसाच धरून. ती आत गेली. होयबा बाहेर बाकावर बसला. उघड्या खिडकीच्या वाऱ्याने दार फटभर उघडं राहिलं होतं. उत्तरं भराभर येत होती. वर्षभर रोज जुळणाऱ्या रोकडीवर तर ताई "मग मी आधी गल्ल्यावर कोण बसतं ते बघेन" म्हणाली आणि बाईंची खुर्ची समाधानाने कुरकुरली.

"तुम्हाला काही विचारायचंय का?" मोठे साहेब म्हणाले.

होयबाने बाकाची कड घट्ट धरली.

"हो," ताईचा आवाज आला. "माझ्या भावाला घेतलंत का?"

"होय," मोठे साहेब म्हणाले.

"सर," बाई म्हणाल्या, "ते आपण अजून ठरवायचं होतं."

"चर्चा व्हायची होती," गृहस्थ म्हणाले.

"हो, तेही खरं."

बाहेर होयबा ताठ बसला. असं 'होय' कुठून निघतं हे त्याला आतून ठाऊक होतं. ताईला तर असल्या माणसाशी कसं बोलायचं याचा जन्माचा सराव होता. तिने कुणाला श्वास घ्यायलाही वेळ दिला नाही.

"आणि मला?" ती म्हणाली.

दोघं एकाच दिवशी रुजू झाले. दुसऱ्या आठवड्यात मोठे साहेब कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी घालून ऑफिसात आले. बाहेर चांगलं कडक ऊन होतं. बाई आपल्या टेबलावरून बघत होत्या, गृहस्थ आपल्या टेबलावरून. ऑफिसातला एकही माणूस काम करत नव्हता, पण सभ्यपणामुळे विचारत कुणीच नव्हतं. शेवटी होयबा उठला आणि साहेबांच्या टेबलापाशी गेला.

"सर," त्याने हळूच विचारलं, "त्यांनी चष्मा काढून ठेवला होता का?"

"होय," मोठे साहेब म्हणाले.